उल्का तापते कशाने आणि फुटते कशाने? चेल्याबिन्स्क, काटोल आणि थोडी आकडेमोड

दक्षिणायन (धागाकर्ता):

शाळेच्या पुस्तकात एकच ओळ असते: "उल्का हवेशी घर्षण होऊन पेटते." ही ओळ पूर्ण खोटी नाही, पण तिच्यात दोन वेगळ्या घटनांची गल्लत झाली आहे. शिवाय उल्का फुटते का, हे त्या ओळीतून कळतच नाही. म्हणून हा धागा. आकडे घेऊनच बोलूया.

आधी छोटी उल्का. पर्सिड या ऑगस्टमधल्या उल्कावर्षावातला १ मिलिमीटरचा कण सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने येतो. १०० किमी उंचीवर हवा इतकी विरळ असते की एक रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी सरासरी १४ सेंटीमीटर मोकळा धावतो. कण त्याचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही. त्यामुळे कणासमोर हवा "दाबली" जातच नाही. नायट्रोजनचा एकेक रेणू सुटा येऊन थेट पृष्ठभागावर आपटतो आणि ५९ किमी/से वेगाला त्याची ऊर्जा साधारण ५०० इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) असते. दगडातला अणू शेजाऱ्यांना जेमतेम काही इलेक्ट्रॉनव्होल्टने बांधलेला असतो. मग पृष्ठभाग तापतो, वितळतो, वाफ होतो. ती वाफ पुढच्या रेणूंवर आदळून चमकते आणि आपण बघतो तो उजेड मुख्यतः तिचाच असतो. हिरवट छटा मॅग्नेशियमची, पिवळी सोडियमची.

कण किती उंचीवर संपेल तेही काढता येतं. दगडाची पूर्ण वाफ करायला किलोमागे सुमारे ८ मेगाज्यूल लागतात. ५९ किमी/से वेगाने भेटणारी हवा किलोमागे सुमारे १७४० मेगाज्यूल देते. म्हणजे कणाला स्वतःच्या वजनाच्या दोनशेव्या भागाएवढी हवा भेटली की काम तमाम. १ मिमीच्या कणाचं वजन त्याच्या छेदाच्या दर चौरस मीटरमागे १.३ किलो धरलं, तर हवा लागते ६ ग्रॅम. डोक्यावर दर चौरस मीटरला एवढीच हवा उरते ती ९५ ते १०० किमी उंचीवर, आणि पर्सिड उल्का साधारण तिथेच विझतात. सगळी ऊर्जा कणातच जाते असं मी धरलं आहे. प्रत्यक्षात काही वाया जाते, म्हणून कण आणखी थोडा खाली येतो.

आता मोठा दगड. एक मीटरचा दगड ६० किमीच्या खाली आला की रेणूंना बाजूला सरकायला वेळ मिळत नाही. दगडासमोर हवेची जाड गादी तयार होते, तिच्यापुढे आघात तरंग उभा राहतो आणि ती हवा कित्येक हजार अंशांपर्यंत तापते. सायकलच्या पंपाचं तोंड दाबून धरल्यावर नळी गरम होते, तेच भौतिकशास्त्र इथे अफाट प्रमाणात. पृष्ठभागावर घासल्याने निर्माण होणारी उष्णता त्यापुढे नगण्य. तापलेल्या हवेतून प्रारण आणि वहनाने उष्णता दगडाकडे येते, आणि दगडाची वाफ मध्ये आडवी आल्याने त्यातली बरीचशी अडते.

थोडक्यात, बारीक कणाला सुटे रेणू मारतात आणि मोठ्या दगडाला दाबलेली हवा भाजते. फुटण्याबद्दल पुढच्या प्रतिसादात.

मृगशीर्ष:

छान सुरुवात. एक शंका. समोरची हवा जर कित्येक हजार अंशांवर असेल, तर खाली पडलेला दगड उचलणाऱ्याचा हात भाजत कसा नाही? बातम्यांत तर नेहमी "तप्त गोळा" असतो.

दक्षिणायन:

वेळच मिळत नाही. दगडातून उष्णता आत शिरते ते अंतर साधारण "उष्णताविसरण गुणांक गुणिले वेळ" याच्या वर्गमुळाएवढं असतं. दगडासाठी हा गुणांक सेकंदाला सुमारे एक चौरस मिलिमीटर. तेजस्वी प्रवास १० सेकंदांचा धरला तर उष्णता पोचते ३ मिमी आत. त्यातही बाहेरचा थर सतत वितळून उडून जात असतो, म्हणजे तापलेला भागच गळून पडतो. अशनीवर (जमिनीवर पोचलेल्या उल्केच्या दगडावर) जे काळं कवच दिसतं ते बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं, ते याचमुळे. वेग ३ किमी/से च्या आसपास उतरला की वितळणं थांबतं. ही वेळ येते १५ ते २५ किमी उंचीवर. पुढे काही मिनिटं दगड नुसता पडत असतो आणि भोवतालची हवा उणे ५० अंशांची असते. आतला भाग तर अवकाशातलीच थंडी घेऊन आलेला असतो. पडल्या पडल्या उचललेला दगड कोमट किंवा गारच लागायला हवा. अशा दगडाने गवत पेटलं अशी बातमी आली तर कारण दुसरीकडे शोधावं.

लोखंडी अशनीत उष्णता दगडापेक्षा बरीच लवकर आत जाते. तरी बाहेरचा सेंटीमीटरभर भागच तापतो.

कातळ:

फुटण्याबद्दल मी लिहितो, कारण इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. "आत उष्णता साठली आणि दगडाचा स्फोट झाला" असं वाहिन्यांवर हमखास सांगतात. वर दाखवलंच आहे की उष्णता आत पोचतच नाही. दगड फोडतो तो दाब.

समोरच्या तोंडावरचा दाब = हवेची घनता × वेग × वेग. मागच्या बाजूला जवळजवळ पोकळी. हा फरक दगडाच्या ताकदीपेक्षा मोठा झाला की दगड तडकतो.

रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेल्या उल्केचं उदाहरण घेऊ. १५ फेब्रुवारी २०१३, स्थानिक वेळ सकाळी ९:२०. आकार सुमारे १९ मीटर, वजन अंदाजे १२,००० टन, वेग १९ किमी/से, क्षितिजाशी कोन फक्त १८ अंश. आता उंचीनुसार दाब पाहा.

८० किमी: घनता ०.००००१८ किलो प्रति घनमीटर, दाब सुमारे ६.५ किलोपास्कल. काहीच नाही.
४५ किमी: घनता ०.००२, दाब ०.७ मेगापास्कल, म्हणजे ७ वातावरणं. पहिले तडे इथे.
३० किमी: घनता ०.०१८, दाब ६.५ मेगापास्कल. सर्वांत तेजस्वी क्षण इथलाच.

चेल्याबिन्स्कचा दगड साधा कोंड्राइट, म्हणजे दगडी अशनींचा नेहमीचा प्रकार, त्यातल्या एलएल५ गटातला. असा हाताएवढा तुकडा प्रयोगशाळेत दाबून फोडायला कित्येक दहा मेगापास्कल लागतात. मग १९ मीटरचा अख्खा दगड ०.७ ला का तडकू लागला? कारण मोठ्या दगडात मोठ्या भेगा असतात. जितका आकार मोठा, तितकी त्यात एखादी वाईट भेग असण्याची शक्यता जास्त, आणि दगड तुटतो तो सर्वांत कमजोर भेगेवर. म्हणून प्रयोगशाळेतल्या तुकड्याची ताकद अख्ख्या दगडाला लावायची नसते. हिशेब चुकतो तो इथेच. एकच ताकद धरली तर दगड एकाच उंचीवर फुटायला हवा. प्रत्यक्षात आधी कमजोर भाग सुटतात आणि घट्ट तुकडे आणखी खाली जाऊन, कितीतरी पट जास्त दाबाला फुटतात. प्रकाशाच्या आलेखात एकापाठोपाठ शिखरं दिसतात ती त्याची खूण.

तडकल्यानंतर काय होतं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुकडे बाजूला सरकू लागतात. बाजूचा वेग साधारण उल्केचा वेग गुणिले हवा आणि दगड यांच्या घनतांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ. ३० किमीवर तो येतो सुमारे ४४ मीटर/से. म्हणजे १० मीटर त्रिज्येचा ढीग पाव सेकंदाच्या आत रुंदीने दुप्पट होतो. तेवढ्या वेळात तो जेमतेम सव्वा किलोमीटर खाली उतरलेला असतो. छेद वाढला की हवा जास्त अडते, दाब वाढतो, तुकडे आणखी फुटतात. एका दगडाचे हजार सारखे तुकडे झाले तर हवेसमोरचं एकूण क्षेत्रफळ १० पट, दहा लाख झाले तर १०० पट. बारूद नसताना स्फोटासारखा परिणाम दिसतो तो असा. सगळी गतिज ऊर्जा काही किलोमीटरांच्या पट्ट्यात, सेकंदाभरात हवेत ओतली जाते. १९ किमी/से वेगाला ही ऊर्जा किलोमागे १८० मेगाज्यूल, टीएनटीच्या ४३ पट. १२,००० टनांचा गुणाकार केला की ५०० किलोटनांच्या आसपास आकडा येतो आणि मोजमापांतूनही तेवढाच निघाला होता.

अश्विनी_भरणी:

कातळ, न फुटता दगड तसाच खाली आला असता तर?

कातळ:

जमिनीपर्यंत पोचला असता, आणि तेही फारसा न मंदावता. १९ मीटरच्या दगडाचं वजन छेदाच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ४२ टन. वातावरणाची पूर्ण उंची सरळ उभी धरली तर दर चौरस मीटरला १० टन हवा, १८ अंशांच्या तिरक्या वाटेने ३३ टन. रोध गुणांक (हवा किती अडवते त्याचा आकडा) १ धरला आणि वजन घटत नाही असं मानलं, तर जमिनीवरचा वेग येतो सुमारे १३ किमी/से. ३० किमी उंचीपर्यंत तर त्याला वाटेत दर चौरस मीटरला फक्त ४०० किलो हवा भेटली होती, स्वतःच्या वजनाच्या एक टक्का. तिथपर्यंत हवेने त्याला अडवलंच नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. पण तेवढ्याच हवेच्या दाबाने त्याला फोडलं, आणि फुटला म्हणून विवर पडलं नाही. खाली पोचले ते मूळ वजनाचा अगदी छोटा अंश. त्यातला सर्वांत मोठा तुकडा चेबार्कुल तलावाच्या गोठलेल्या पृष्ठभागात सुमारे ७ मीटरचं भोक पाडून गेला. ऑक्टोबर २०१३ मध्ये तो बाहेर काढला तेव्हा वजन ५०० किलोंच्या वर भरलं.

२०१७ साली पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी एक भर घातली. समोरची दाबलेली हवा भेगांतून आणि छिद्रांतून दगडाच्या आत शिरते आणि आतून ढकलते. म्हणजे बाहेरून दाब, आतूनही दाब. त्यांच्या संगणकीय प्रारूपात यामुळे दगड बराच सहज विस्कटतो. मला हे पटतं, कारण निव्वळ बाहेरच्या दाबाने एवढं बारीक पीठ होणं समजावणं अवघड जातं.

वर्धाकाठ:

आमच्याकडच्या काटोलचा उल्लेख हवाच. २२ मे २०१२, दुपारी. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल आणि परिसरात मोठे आवाज होऊन दगड पडले. एल६ गटाचा कोंड्राइट. त्यात पुढे ब्रिजमनाइट सापडलं. ही पृथ्वीच्या पोटात ६६० किमीच्या खाली असणारी खनिजरचना. ती हवेतल्या दाबाने तयार झाली असं एका ठिकाणी वाचलं. शक्य आहे?

कातळ:

नाही. ब्रिजमनाइटला २३ गिगापास्कलच्या आसपासचा दाब लागतो. हवेत दगडाला मिळतो तो काही मेगापास्कल, हजारो पटींनी कमी. ते खनिज काटोलच्या दगडातल्या वितळलेल्या बारीक शिरांमध्ये आहे. त्या शिरा अवकाशात मूळ लघुग्रहाची दुसऱ्या कशाशी टक्कर झाली तेव्हाच्या.

पण या प्रश्नाचा धाग्याच्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. अशा टकरींतूनच भेगा आणि शिरा तयार होतात आणि दगड हवेत त्यांच्यावरच सुटतो. चेल्याबिन्स्कच्या तुकड्यांतही काळ्या आघातशिरा भरपूर दिसतात. दगड किती उंचीवर फुटणार हे मोठ्या प्रमाणात तो पृथ्वीजवळ येण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. हवा फक्त ती परीक्षा घेते. सुदानमध्ये ७ ऑक्टोबर २००८ ला आलेला २००८ टीसी३ नावाचा छोटा लघुग्रह पाहा. सुमारे ४ मीटरचा, वेग १२.४ किमी/से, आणि ३७ किमीवरच विस्कटला. हिशेब करा, दाब येतो जेमतेम १ मेगापास्कल. तो मुळातच सच्छिद्र, सैल बांधणीचा होता. जमिनीवर सापडलेल्या सगळ्या तुकड्यांचं वजन १० किलोंच्या आसपास.

याउलट पेरूतलं कारान्कास, १५ सप्टेंबर २००७. साधाच कोंड्राइट, तरी न विस्कटता येऊन त्याने १३-१४ मीटरचं विवर पाडलं. जागा ३,८०० मीटर उंचीवर, त्यामुळे वाटेत हवा कमी, पण तेवढ्याने भागत नाही. दगड भेगाविरहित, एकसंध असावा हेच सर्वांत सरळ स्पष्टीकरण.

मृगशीर्ष:

आणि लोणार? तिथे काहीच कसं फुटलं नाही?

कातळ:

आकार. लोणारचं विवर १.८ किमी व्यासाचं, दख्खनच्या बेसाल्टमध्ये. एवढं विवर पाडणारी वस्तू चेल्याबिन्स्कच्या कितीतरी पट मोठी हवी. ती फुटली तरी तुकडे पसरायला वेळच उरत नाही. वर पाव सेकंदात रुंदी दुप्पट होते असं लिहिलं, ते १० मीटर त्रिज्येसाठी. त्रिज्या वाढली की हा वेळ त्याच प्रमाणात वाढतो आणि तोवर जमीन आलेली असते. ढीग एकत्रच आदळतो.

लोखंडी असेल तर लहान वस्तूही तग धरते, पण लोखंड फुटत नाही असं समजू नका. १२ फेब्रुवारी १९४७ ला रशियात पडलेला सिखोते-अलिन लोखंडीच होता, हवेत फुटला आणि शंभराहून जास्त लहानमोठी विवरं पाडली. सर्वांत मोठं २६ मीटरचं.

सह्यकडा:

२ एप्रिल २०२२ ची रात्र विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्रात पुष्कळांना आठवत असेल. आकाशात समांतर जाणाऱ्या जळत्या रेघा. पहिले काही तास सगळीकडे "उल्कावर्षाव" चालू होतं. नंतर चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं सुमारे तीन मीटरचं कडं आणि गोल टाक्या मिळाल्या. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो टप्पा होता. उल्का आणि रॉकेटचा तुकडा व्हिडिओवरून लगेच वेगळा ओळखता येतो, पण ओळखायचं कशावरून ते लोकांना सांगितलं जात नाही.

वेग. पृथ्वीजवळच्या कक्षेतून घसरणारी वस्तू साधारण ७.८ किमी/से ने येते. उल्का ११ ते ७२ या पट्ट्यात. म्हणून उल्का काही सेकंदांत संपते, रॉकेट मिनिटभर किंवा जास्तही आकाश ओलांडत राहतं. कोन जवळजवळ आडवा. आणि तुकडे एकामागून एक, एकाच वाटेने, हळूहळू विलग होत जातात. व्हिडिओत वस्तू ४० सेकंदांहून जास्त दिसत असेल तर आधी कोणतं रॉकेट परतणार होतं ते तपासावं.

भौतिकशास्त्रही वेगळं. इथे कातळ यांचा नियम उलटा चालतो, उष्णताच तोडते. रॉकेट म्हणजे पातळ पत्रा. ७८ किमीवर दाब फक्त दीड किलोपास्कल असतो. पण काही मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा तापायला मिनिटभर वेळ मिळतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. टायटॅनियम १६६८ अंशांना. म्हणून टायटॅनियमच्या दाबाच्या गोल टाक्या जगभर शेतांत पडलेल्या सापडतात आणि बाकीचा सांगाडा सापडत नाही. अशा टाक्यांना हात लावू नये, आत विषारी इंधनाचा अंश असू शकतो.

कातळ:

सह्यकडा यांच्याशी पूर्ण सहमत. जाडी आणि वेळ बदलली की उत्तर बदलतं. माझं विधान भरीव दगडापुरतं.

अश्विनी_भरणी:

निरीक्षणाचं कुणी सांगेल का? इथून उंची आणि वेग मोजायचा तर काय काय लागतं?

सह्यकडा:

एका कॅमेऱ्याने फक्त दिशा मिळते. उंचीसाठी दोन ठिकाणं हवीत, परस्परांपासून ८० ते १५० किमी. पुणे आणि मुंबई चालतील, मुंबई आणि नाशिकही. दोन्हींची नजर ९०-१०० किमी उंचीवरच्या आकाशाच्या त्याच तुकड्यावर असावी. दोन दृष्टिप्रतलांमधला (प्रत्येक कॅमेरा आणि उल्केची वाट यांतून जाणाऱ्या प्रतलांमधला) कोन २० अंशांपेक्षा कमी झाला तर त्रिकोण चपटा होतो आणि उंचीत किलोमीटरांची चूक येते.

ग्लोबल मीटिअर नेटवर्क या उल्का टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या जागतिक जाळ्याची पद्धत स्वस्तात मस्त आहे. आयएमएक्स २९१ संवेदक असलेला आयपी कॅमेरा, ३.६ किंवा ४ मिमी भिंग, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि त्यांची मोफत आज्ञावली. सेकंदाला २५ चौकटी. डिसेंबरमधल्या जेमिनिड वर्षावातली उल्का (३५ किमी/से) एका चौकटीत १.४ किमी सरकते. ३.६ मिमी भिंगाने एक पिक्सेल १०० किमी अंतरावर सुमारे १२० मीटरचा होतो. तेजाचा मध्यबिंदू काढला की त्यापेक्षा बारीक मोजता येतं.

चुकतं कुठे, तर तीन ठिकाणी. एक, घड्याळ. इंटरनेटवरून वेळ जुळवणं बंद पडलं की दोन कॅमेऱ्यांत सेकंदाचा फरक येतो आणि ते कळतही नाही. दुसरं, कॅमेरा हलणं. गच्चीवरच्या पत्र्याच्या दांड्यावर बसवला तर दिवसाच्या उन्हाने दांडा वाकतो आणि ताऱ्यांवरून केलेली जुळणी बिघडते. भिंतीत पक्का बसवा, आणि जुळणी रोज रात्री पुन्हा करू द्या. तिसरं, अग्निगोलात (फार तेजस्वी उल्केत) चित्र पूर्ण पांढरं होतं. मग फुटण्याची शिखरं हरवतात. त्यासाठी शेजारी एक साधा प्रकाशमापक ठेवलेला बरा. पर्सिड इथे पावसाळ्यात बुडतात, त्यामुळे खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. १४ डिसेंबरच्या आसपासच्या रात्री सोडू नका.

सीसीटीव्हीत अग्निगोल सापडला तर फुटेज लगेच उतरवून घ्या, कारण बऱ्याच यंत्रांत ते आठवड्या-पंधरवड्यात पुसलं जातं. कॅमेरा हलवू न देता त्याच जागेवरून रात्री ताऱ्यांचे फोटो घ्या, म्हणजे दिशा जुळवता येते. तारे दिसत नसतील तर अग्निगोलाच्या उजेडात पडलेल्या खांबांच्या सावल्या वापरा. चेल्याबिन्स्कची वाट काढताना चौकातल्या खांबांच्या सावल्याही कामी आल्या होत्या.

दक्षिणायन:

पडलेला दगड शोधायचा तर अंधारातल्या टप्प्याचा हिशेब लागतो, म्हणून भर घालतो. एक किलोचा दगड जमिनीजवळ ५५ मीटर/से ने पडतो, १० ग्रॅमचा २५ ने. शेवटचे १० किमी उतरायला पहिल्याला सव्वादोन मिनिटं, दुसऱ्याला पाच. सरासरी २० मीटर/से वारा धरला तर पहिला वाऱ्याबरोबर ३ किमी सरकतो, दुसरा ६. म्हणून सापडण्याचं क्षेत्र लांबट असतं. जड दगड उड्डाणाच्या दिशेने पुढच्या टोकाला, हलके मागे आणि वाऱ्याच्या बाजूला. वाऱ्याचे आकडे हवामान खात्याच्या फुग्यांचे घ्या, पहाटे ५:३० आणि संध्याकाळी ५:३० चे. नागपूर, मुंबईची नोंद वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळते. जमिनीवरचा वारा धरून काढलेला नकाशा निरुपयोगी ठरतो.

वर्धाकाठ:

आणि सापडल्यावर?

कातळ:

चुंबक लावू नका. त्यात लोखंड आहे का हे बघायचा मोह होतो, पण दगडातली मूळ चुंबकीय नोंद एका स्पर्शात पुसली जाते. धुऊ नका, घासू नका. जागेवर पट्टी ठेवून फोटो, जीपीएस नोंद, मग ॲल्युमिनियमच्या पातळ पत्रीत गुंडाळून कोरड्या पिशवीत. तुटलेल्या कडेवर काळं कवच आहे का ते जरूर बघा. कवच नसेल तर तो तुकडा वितळणं थांबल्यावर किंवा जमिनीवर आदळून फुटला. पातळ कवच असेल तर तो उशिरा फुटला. एकाच दगडावर जाड आणि पातळ अशी दोन्ही कवचं असली तर हवेतल्या वेगवेगळ्या फुटींचा क्रम तिथेच वाचता येतो. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा, नागपूरला त्यांचं कार्यालय आहे.

मृगशीर्ष:

शेवटचा प्रश्न. तेजस्वी अग्निगोल दिसला तर लगेच काय करायचं?

कातळ:

खिडकीपासून लांब व्हायचं. आघात तरंग ३० किमी खाली यायला दीड मिनिटाच्या वर लागतं. चेल्याबिन्स्कला लोक लखलखाट बघायला काचेशी गेले आणि मग काचा फुटल्या. जखमी दीड हजारांच्या आसपास, बहुतेक काचांमुळे. किमान तीन मिनिटं काचेपासून दूर, भिंतीच्या आडोशाला. आवाज आला तर लखलखाटापासूनचे सेकंद मोजून ०.३ ने गुणा, फुटण्याचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. आवाज एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाची वेळ वेगळी लिहा. प्रत्येक मोठा तुकडा आपला स्वतःचा तरंग घेऊन येतो.